सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर, घरात वायफाय: सर्वसाधारण सभेआधी नीट समजून घ्यायचे आहे

वारजेकरीण

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी वारज्यात आहे. जुनी इमारत, सहा मजले, बत्तीस फ्लॅट. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचे प्लास्टर असा मोठा खर्च तोंडावर आलाय आणि नेमकी आत्ताच एका कंपनीकडून गच्चीवर टॉवर बसवायची विचारणा आली आहे. भाडे चांगले देतायत. कमिटीतले तिघे लगेच तयार झाले.

पण सहाव्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे यजमान गेल्या वर्षी ब्रेन ट्यूमरने गेले. समोरच्या इमारतीवर आधीपासून एक टॉवर आहे, त्याची अँटेना त्यांच्या बाल्कनीतून थेट दिसते. मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक समोर आहेच, आता दुसरा डोक्यावर आणून ठेवता का?" कोणालाच काही बोलता आले नाही.

सेक्रेटरी म्हणून सभेत मला बोलावे लागणार आहे. ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड येतायत, एकात सगळे मरणार आहेत आणि दुसऱ्यात काहीच होत नाही. मला काकूंना उडवून लावायचे नाही आणि उगाच भीतीही पसरवायची नाही. टॉवर, हातातला फोन, मुलाच्या खोलीतला राउटर, कानातले ब्लूटूथ, यातले नेमके काय धोक्याचे आहे? ज्यांना या विषयातले कळते त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दीपमाळ

माझे मत स्पष्ट आहे: बसवू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्येच या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' म्हणजे २-बी गटात टाकले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायला लावला, तोही एका कॅन्सरग्रस्त माणसाच्या अर्जावर. एवढे झाल्यावर गच्चीचे भाडे मोजत बसायचे का? पैसा उभा करायला इतर मार्ग आहेत. वर्गणी काढा.

रानवारा

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय सुरू आहे.

मीटरवाला

टॉवरच्या साइट, ड्राइव्ह टेस्ट आणि मोजणी यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी समोरच्या इमारतीकडे नीट बघा. गच्चीवरच्या खांबांना माणसाएवढ्या उंचीचे, वीतभर रुंदीचे, करड्या-पांढऱ्या रंगाचे चपटे पॅनेल लावलेले दिसतील. बहुतेक ठिकाणी तीन दिशांना तोंड करून तीन. सिग्नल त्यांच्यातून निघतो. शेजारचे गोल ढोल टॉवर-टॉवरमधल्या जोडणीसाठी असतात, त्यांचा तुमच्याशी संबंध नाही. पॅनेलचा झोत टॉर्चसारखा समोर जातो, किंचित खाली झुकवलेला. पाठीमागे आणि थेट पायाखाली फार थोडे पोचते. म्हणून ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या वरच्या मजल्यावर मीटर धरला तर बहुतेक वेळा समोरच्या इमारतीपेक्षा कमी आकडा येतो. काकूंच्या वाक्यातला 'डोक्यावरचा' टॉवर त्यांच्यासाठी 'समोरच्या'पेक्षा सौम्य असण्याची शक्यता जास्त. तुमचा टॉवर खऱ्या अर्थाने 'समोर' असेल तो पलीकडच्या इमारतीतल्या लोकांसाठी. त्यांचाही विचार सभेत व्हायला हवा, आणि तो कुठेच होत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता आकडे. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ आणि २००० च्या पुढे १ वॅट. आता एक ढोबळ हिशोब करा. २० वॅटचा सिग्नल, अँटेनाने एका दिशेला पन्नास पट एकवटलेला, आणि तुम्ही बरोबर झोतात ४० मीटरवर उभ्या आहात. येतात ०.०५ वॅट. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेच्या नवव्या हिश्श्याइतके. हा एका बँडचा, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्याचा, हिशोब झाला. एका खांबावर तीन-चार बँड, दोन-तीन कंपन्या असल्या की आकडा चढतो, म्हणूनच नियमात एकेक कंपनी नाही, सगळ्यांची बेरीज धरतात. समोरासमोर आणि एकाच उंचीवर घरे असतील तर एका अँटेनाला २० मीटर, दोन असतील तर ३५ मीटर, असे अंतर दूरसंचार विभागाच्या सूचनांमध्ये दिलेले आहे. तुमच्या दोन इमारतींमधले अंतर आधी टेपने मोजा.

@दीपमाळ, ग्वाल्हेरचा आदेश खरा आहे. पण तो एका प्रकरणापुरता होता, त्यातून लहरींनीच कॅन्सर झाला असे सिद्ध झाले नाही. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी पुरावा नाही म्हणून असे अर्ज फेटाळलेलेही आहेत.

दीपमाळ

@मीटरवाला, मर्यादा मुळात फक्त शरीर तापण्यावर बेतलेली आहे ना? न तापताही काही होत असेल तर तुमचा दशांश काय कामाचा? आणि मोजणी करणारे त्याच धंद्यातले.

मीटरवाला

पहिला मुद्दा रास्त आहे. मर्यादा तापण्याच्या परिणामावरच बेतलेली आहे, कारण पुन्हा पुन्हा प्रयोगात दिसलेला तोच एक परिणाम आहे. क्ष-किरण डीएनए तोडतात कारण त्यांच्या एकेका कणात तेवढी ऊर्जा असते. मोबाइलच्या लहरींच्या कणात ती लाखो पटींनी कमी आहे, कितीही संख्येने आले तरी एकेकटा कण ते बंध तोडू शकत नाही. दुसरी कुठली वाट असेल का, हा प्रश्न डॉक्टरांसाठी सोडतो.

दुसऱ्याबद्दल: मोजणी दूरसंचार विभागाकडून करून घ्या, कंपनीकडून नको. 'तरंग संचार' नावाचे सरकारी पोर्टल २०१७ पासून आहे. आपल्या भागातले टॉवर त्यावर दिसतात आणि ४,००० रुपये भरून आपल्या जागेची मोजणी मागता येते.

वैद्य_मंडळी_नव्हे

पेशाने फिजिशियन, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण रुग्ण रोज हा प्रश्न विचारतात, त्यामुळे वाचत असतो.

२-बी चा अर्थ आधी. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क २-बी मध्येच आहे. पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालेय त्यांत, तंबाखू, दारू आणि सुपारी आहेत. टॉवरविरोधी सभेला येणाऱ्या कित्येकांच्या खिशात मी सुपारीची पुडी पाहिली आहे आणि त्याने माझा जीव तुटतो. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे डोळ्यांसमोर आहेत.

२०११ चा निर्णय मुख्यतः टॉवरवरून झाला नव्हता, कानाला लावलेल्या फोनवरून झाला होता. त्यामागे १३ देशांतला इंटरफोन अभ्यास होता, २०१० मध्ये आलेला. त्यात सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत, म्हणजे आयुष्यात १६४० तासांपेक्षा जास्त फोन वापरलेल्यांत, ग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) ४० टक्के जास्त दिसला. पण त्याच अभ्यासात सर्वसाधारण फोन वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा ट्यूमर कमी दिसला! फोनने ट्यूमर टळतो असे कोणी म्हणणार नाही. अर्थ एवढाच की, आजारी माणसाला दहा वर्षांपूर्वीचा वापर आठवायला सांगितला की आकडे दोन्हीकडे वाकतात.

म्हणून नंतर उलट दिशेने अभ्यास झाले: आधी माणसे निवडायची, मग वर्षानुवर्षे बघत राहायचे. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाख स्त्रियांवर सरासरी १४ वर्षे लक्ष ठेवले, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, रोज फोन वापरणाऱ्यांत ब्रेन ट्यूमर वाढलेला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास घेतले, तिथेही संबंध दिसला नाही. शिवाय उत्तर युरोपातल्या देशांत नोंदी दशकानुदशके नीट ठेवल्या जातात. घराघरात फोन येऊनही तिथला ब्रेन ट्यूमरचा आलेख त्या प्रमाणात उसळलेला नाही.

दीपमाळ

आणि अमेरिकेतले उंदीर? ते तुम्ही वगळलेत.

वैद्य_मंडळी_नव्हे

बरे झाले विचारलेत, ते सांगायलाच हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांना रोज ९ तास, दोन वर्षे, पूर्ण अंगावर लहरी दिल्या. २०१८ च्या अंतिम अहवालात नर उंदरांच्या हृदयातल्या एका दुर्मिळ गाठीबद्दल त्यांनी 'स्पष्ट पुरावा' असे लिहिले. माद्यांत आणि छोट्या जातीच्या उंदरांत (माइस) तसे स्पष्ट काही दिसले नाही, आणि लहरी दिलेले नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. सर्वांत कमी मात्रासुद्धा फोन कानाला लावल्यावर एखाद्या जागी जास्तीत जास्त जेवढी चालते तेवढी होती, आणि तीही सगळ्या शरीराला. टॉवरमुळे घरात मिळणारी मात्रा याच्या जवळपासही जात नाही. तरीही २०२५ च्या एका आढाव्यात प्राण्यांमधला हा पुरावा भक्कम ठरवलाय आणि कॅन्सर संस्थेने हा विषय पुन्हा तपासायच्या यादीत वर ठेवलाय. म्हणजे विषय बंद झालेला नाही. माणसांतला पुरावा आश्वासक आहे, प्राण्यांतला प्रश्न उघडा आहे. मी रुग्णांना हेच सांगतो.

सहावा_मजला_नाही_पण

माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षांत चार कॅन्सर निघाले. टॉवर तिच्या गच्चीवर. योगायोग म्हणून सोडून द्यायचे?

वैद्य_मंडळी_नव्हे

सोडून देऊ नका, पण मोजून बघा. आपल्या देशात आयुष्यभरात साधारण नवांपैकी एकाला कॅन्सर होतो असा अंदाज आहे. वारजेकरीण यांच्यासारखे बत्तीस फ्लॅट म्हणजे सव्वाशे-दीडशे माणसे धरा, त्यांतल्या चौदा ते सोळा जणांना कधी ना कधी. इमारत जुनी झाली, माणसे साठीला आली, की ते थोड्या वर्षांत एकत्र दिसायला लागतात. चारही कॅन्सर एकाच प्रकारचे आहेत का, ही माणसे टॉवरच्या आधीपासून तिथे राहतात का, कोणी तंबाखू खायचे का, वये काय, हे विचारा. चारांना चार वेगळ्या अवयवांचे कॅन्सर असतील तर एक कारण शोधून हाती काही लागणार नाही.

आणि @वारजेकरीण, त्या काकूंबद्दल. मेंदूतल्या बहुतेक गाठींचे कारण आम्हाला सांगता येत नाही. लहानपणी डोक्याला दिलेला किरणोपचार आणि काही मोजके आनुवंशिक आजार, एवढीच पक्की कारणे. 'कारण माहीत नाही' हे उत्तर घरच्यांना पचत नाही, तेव्हा बाल्कनीतून दिसणाऱ्या टॉवरवर बोट जाणे साहजिक आहे. सभेत त्यांच्याशी आकड्यांनी भांडू नका. आधी घरी जाऊन भेटा.

नारायणगावकर

आमच्या इथे खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पाहुणे आले की पहिला प्रश्न: एवढ्या डिशच्या किरणांचा तुम्हाला त्रास होत नाही का? त्या डिश किरण सोडतच नाहीत, आकाशातून येणारे गोळा करतात. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी म्हणूनच ती जागा निवडली होती. मोबाइलच्या लहरींचा त्रास इथे दुर्बिणीलाच होतो. मुद्दा असा की डिश किंवा खांब दिसला की माणूस घाबरतो, आणि खिशातला फोन मात्र दिसत नाही.

मीटरवाला

@नारायणगावकर यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. शरीराला मिळणाऱ्या एकूण मात्रेत बहुतेकांच्या बाबतीत स्वतःच्या फोनचा वाटा सर्वांत मोठा असतो, कारण अंतर शून्य. त्यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते: रेंज कमी असली की फोन जोर वाढवतो. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटात बोलताना फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो. टॉवर जवळ असला की तोच फोन अगदी कमी ताकदीवर चालतो. टॉवर लांब ढकलून तुम्ही आपल्याच कानाशी लहरी वाढवता, हे सभेत जरूर सांगा.

फोनला मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॅट आहे, एक ग्रॅम ऊतीवर मोजलेली. तुमच्या फोनचा आकडा बघायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश डायल करा. तो आकडा सर्वाधिक ताकदीचा असतो, रोजचा नव्हे. मर्यादा कागदापुरत्याच नसतात. फ्रान्सने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ ची विक्री थांबवली होती, कारण हातात किंवा खिशात धरल्यावरचा आकडा (त्याची तिथली मर्यादा वेगळी, ४ आहे) ५.७४ आला होता. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून तो खाली आणला.

राउटर: साधारण ०.१ वॅट. एक मीटरवर मर्यादेच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि तोही सतत सोडत नाही. ब्लूटूथ इअरफोन त्याहून कितीतरी कमी. बोलायला इअरफोन लावलात तर डोक्याजवळची मात्रा कमीच होते.

गोधडी

माझी डोकेदुखी राउटर बंद केला की थांबते. रात्री बंद करतेच. कोणी काही म्हणो.

वैद्य_मंडळी_नव्हे

@गोधडी, तुमची डोकेदुखी खरी आहे, यात शंका नाही. अशा लोकांवर बरेच प्रयोग झालेत. लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना आणि प्रयोग करणाऱ्यालाही कळू दिले नाही. २००५ च्या एका आढाव्यात असे ३१ प्रयोग, ७२५ माणसे होती. चालू-बंद ओळखता येते असे ठामपणे दिसले नाही, पण चालू आहे असे *वाटले* की त्रास मात्र खरोखर व्हायचा. रात्री राउटर बंद ठेवा, काही बिघडत नाही. फक्त डोकेदुखी तिथेच नेऊन बांधू नका. डोळे, रक्तदाब, मायग्रेन, घोरणे हे एकदा तपासून घ्या, नाहीतर खरे कारण मागे राहते.

रानवारा

आईला पेसमेकर आहे. तिचे काय?

वैद्य_मंडळी_नव्हे

इथे मात्र नियम पाळायचाच. फोन पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब, विरुद्ध बाजूच्या कानाला, आणि छातीवरच्या खिशात कधीच नाही. चुंबक असलेले फोन, त्यांची कव्हरे, चार्जर जास्त जपून. गच्चीवरचा टॉवर आणि राउटर यांचा घरात बसून त्रास नाही. कार्डियॉलॉजिस्टला यंत्राचे मॉडेल दाखवून एकदा विचारून घ्या.

हिशोबनीस

अवांतर नाही म्हणून लिहितो. ग्रुपवर 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर आणि पेंडंट विकायला येतील. घेऊ नका. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये अशी दहा उत्पादने तपासली, 'फाइव्ह जीपासून संरक्षण' म्हणून विकलेली. तीच किरणोत्सर्गी निघाली! गळ्यात, मनगटावर, सतत त्वचेला लागून. आपल्याकडे २०२० मध्ये शेणाची चिप आली होती, तिचा पुरावा शास्त्रज्ञांनी मागितला होता.

दुसरे, टॉवरच्या नावाने ठकवणूकही खूप चालते. 'गच्चीवर टॉवर, महिना लाखो भाडे, आधी नोंदणी शुल्क भरा' असे म्हणणारा चोर समजा. खरी कंपनी तुमच्याकडून पैसे मागत नाही.

आणि सोसायटी म्हणून: माझ्या मते तुमचा खरा प्रश्न लहरींचा नाहीच. जुनी सहा मजली इमारत, वर खांब, केबिन, बॅटऱ्या, जनरेटर. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, तेही सोसायटीने नेमलेल्या अभियंत्याकडून. बोल्ट गच्चीत ठोकले की वॉटरप्रूफिंगचे बारा वाजतात, तेव्हा गळती झाली तर दुरुस्ती कोणाची हे करारात लिहून घ्या. आमच्याकडे जनरेटर रात्री सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या बाळाला झोप लागत नसे, त्यासाठी आम्ही भांडलो. वीजभार, विमा, विजेपासूनचे अर्थिंग, करार संपल्यावर सगळे उतरवून नेण्याची जबाबदारी, हे एकेक मुद्दे ठरावात घ्या. कमिटीने परस्पर सही करू नये.

दीपमाळ

@हिशोबनीस, हे पूर्ण पटले. लहरींबद्दल माझी शंका कायम आहे, प्राण्यांवरचे निष्कर्ष पुन्हा तपासले जाईपर्यंत मी तरी माझ्या गच्चीवर नको म्हणेन. पण मोजणी मागायला माझा विरोध नाही, उलट आधी तीच व्हावी.

वारजेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितल्यावर काकूंकडे जाऊन आले. टॉवरबद्दल फार बोलणे झाले नाही, काकांच्या आजारपणाबद्दल झाले. मोजणी त्यांच्या बाल्कनीतच करू, आकडा त्यांच्यासमोर बघू, असे म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या. अर्ज भरला आहे. आकडा येईपर्यंत टॉवरचा विषय सभेपुढे मतदानाला ठेवणार नाही, असे कमिटीने मान्य केलेय. ऑडिटसाठी अभियंत्याला फोन केलाय, आणि पलीकडच्या इमारतीच्या अध्यक्षांशीही बोलणार आहे.

एकच विचारायचे राहिले: मोजणीच्या दिवशी आम्ही काय बघायचे?

मीटरवाला

संध्याकाळी मागा. लोक घरी आलेले असतात, टॉवरवर भार जास्त असतो. दुपारचा आकडा कमी दाखवतो. बाल्कनीचे दार उघडे ठेवा, मीटर कठड्याजवळ आणि खोलीच्या आत अशा दोन्ही जागी धरायला सांगा. आपले फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर त्यांचाच आकडा येईल. अहवालात प्रत्येक बँडचा आकडा आणि शेवटी सगळ्यांची मिळून बेरीज मर्यादेच्या किती टक्के, हे लिहून घ्या. नुसते 'मर्यादेत आहे' यावर सही करू नका. तुमच्या गच्चीवर पुढे टॉवर बसलाच तर तीच मोजणी, त्याच जागी, तो सुरू झाल्यावर पुन्हा करून देण्याची अट करारात टाका.